आधी पुसणं, मग वाफ



2020 साल फलटणकरांना आठवत असेल.
करोनाच्या सुरुवातीला स्वॅब पुण्याला जायचे,
राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत.

असे नमुने हाताळतात
ते जैवसुरक्षा कपाटात.
समोर काच.
आत हवेचा झोत.
आणि जंतू अडवणारा हेपा फिल्टर.

हा फिल्टर कधीतरी बदलावा लागतो.
तेव्हा तंत्रज्ञाचा हात थेट आत जातो.
त्याच्या जिवाची काळजी आधी घ्यायला हवी.

कपाट जंतुमुक्त करायला पूर्वी फॉर्मालिनची धुरी देत.
पण त्या वायूने कर्करोगाचा धोका.
आता हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ वापरतात.
शेवटी तिचं पाणी आणि ऑक्सिजन होतं.

पण लक्षात घ्या,
आधी पुसणं, मग वाफ.
वाळलेल्या डागाखाली वाफ पोचत नाही.
कागद आणि कापूसही बाहेर काढायचा.
तो वाफ शोषून घेतो.
मग फटी बंद करायच्या.
वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत
काच उघडायची नाही.
ही वाफ छातीला बाधते.

आणि खात्री कशी करायची?
आत एक छोटी पट्टी ठेवतात.
तिच्यावर अतिशय चिवट, पण निरुपद्रवी
जिवाणूंचे बीजाणू असतात.
मला ही पट्टी सर्वांत मोलाची वाटते.
नंतर ती उबेत ठेवतात.
काही वाढलं नाही, तर काम फत्ते.
वाढलं, तर पुन्हा पहिल्यापासून.
आधी पुसणं, मग वाफ.