नाच कुणाचा, रांग कुणाची?

(भूगावात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी इथं पोरांना नाच शिकवते. हे ऐकलं की आपल्यातलीच जुनी माणसं कपाळाला आठ्या घालतात. म्हणतात, पुन्हा आपल्या पोरी नाचवायच्या काय? प्रश्न खरा आहे. तो टाळून मला पुढं जायचं नाही.

पवळा हिवरगावकर महार. विठाबाई नारायणगावकर मांग. विठाबाईंना तर राष्ट्रपतिपदक मिळालं. पण रात्रभर फेटे उडवणाऱ्यांनी सकाळी तमाशातल्या बाईच्या हातचं पाणी घेतलं का? पठ्ठे बापूराव जातीनं ब्राह्मण. तमाशाच्या कमाईतून त्यांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली. पुण्याच्या येरवड्यातून वर आलेल्या शैलजा पाईक यांनी २०२२ साली इंग्रजीत ग्रंथ लिहून हा सगळा हिशेब मांडलाय. अश्लील कुणाला म्हटलं, कुणी म्हटलं, त्यात जात कुठं बसली, सगळं. वाचा एकदा.

माझं म्हणणं असं, की बाबासाहेबांनी लाथाडला तो बाईच्या शरीराचा बाजार. आपले हातपाय त्यांनी गहाण ठेवले नव्हते. त्यांच्याच हयातीत भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले.

आणि तिकडं दक्षिणेत बघा. देवदासींचा नाच बदनाम ठरला. १९३६ साली मद्रासेत कलाक्षेत्र निघालं, वरच्या जातींच्या घरातल्या मुली तोच नाच शिकल्या आणि तो पवित्र झाला. आज आपल्याकडं शास्त्रीय नाचाच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. क्लासची फी भरायची ऐपत पाहिजे, बस. लोककलेलाही गुण आहेत म्हणे, पण दाखला आणा. हलगीवाल्या बापानं तो कुठनं आणायचा?

आता आपल्या पौड रस्त्यावरचं. चांदणी चौक ओलांडला की टॉवर सुरू होतात. टॉवर बांधणाऱ्यांची पोरं पत्र्याच्या खोल्यांत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळेत पंचवीस टक्के जागा दिल्या, म्हणून त्यातली काही आत शिरली. पण बाकावर बसवलं म्हणजे सामावून घेतलं असं होत नाही. गॅदरिंग आलं की कळतं. मी पाहिलेल्या एका शाळेत लेझमीला हलगी वाजवायला वस्तीतला माणूस बोलावला. त्याला स्टेजखाली उभा केला. त्याचीच पोरगी त्या शाळेत. ती नाचात नव्हती, कारण ड्रेसचं भाडं सहाशे रुपये!

भूगावात २०१७ साली महाराष्ट्र केसरी झाली. मैदान, मंडप, पैसा, सगळं मिळालं. चांगलं झालं, माझा कुस्तीवर राग नाही. पोराच्या अंगाला दूध आणि तांबडी माती मिळते. पोरीच्या अंगाला काय मिळतं? 'नीट बस.' एवढंच.

माझ्या वर्गात ड्रेस नाही, आरसा नाही, रांग नाही. रांग आली की पुढं गोरी आणि मागं आपली. आम्ही गोल करतो, हात धरतो. पहिल्या दिवशी एकीनं शेजारणीचा हात धरला नाही, ओढणीचं टोक पुढं केलं. मी काही बोलले नाही, हलगीचा ठेका वाढवला. फुगडीच्या चालीत ओढणी टिकत नाही हो, हात धरावाच लागतो. नाहीतर दोघी पडतात.

एक ऐकू न येणारा पोरगा आहे. तो अनवाणी नाचतो, ढोलकी जमिनीवर टेकवली की ठेका त्याला तळव्यातनं कळतो. एक पोरगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती, ती आता ठेका मोजते, मोठ्यानं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली तीन हजारांवर अभ्यास तपासून सांगितलं की कला मनाला आणि शरीराला बरं करते. आपल्या आयांना हे जात्यावर ठाऊक होतं. पण कागद लागतो ना साहेबांना, म्हणून सांगितलं.

तर मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत नाचाचा तास वेळापत्रकात पाहिजे, पोरांना आणि पोरींना एकत्र. ड्रेसचा पैसा बंद. आणि हलगीवाल्याला, ढोलकीवाल्याला शिक्षक म्हणून मानधन, हजेरीपटावर नाव, बसायला खुर्ची. स्टेजखाली नाही.

अर्ज तयार आहे. दाराशी वही ठेवलीय, जाताना सही करा. आणि ज्याला ठेका धरता येतो त्यानं नावापुढं तसं लिहा, रविवारी माणसं कमी पडतात.