एक नाव, दोन मानकरी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वसईचा तह केव्हा झाला, असे मी वर्गात विचारतो तेव्हा कोणी १५३४ सांगतो, कोणी १८०२. दोघेही बरोबर असतात. पहिला तह गुजरातचा सुलतान बहादूरशाह व पोर्तुगीज यांच्यात झाला. नंतरचा दुसरा बाजीराव पेशवे व इंग्रज यांच्यात. नाव एक, तह दोन. माणूस निदान "कोणता तह?" असे विचारतो. संगणक विचारीत नाही. आज त्याविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी रडवेली होऊन माझ्याकडे आली. ती रुबी शिकत होती. रुबी म्हणजे माणिक, उर्दूतील याकूत. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांपुढे आणलेली ही संगणकाची भाषा. मुलीने गुणपत्रिकेचा प्रोग्रॅम लिहिला होता. पण तो चालविताच 'स्टॅक लेव्हल टू डीप' असे उत्तर येऊन सारे बंद पडे. सोबत वडील होते. म्हणाले, "सर, हे तिला झेपायचं नाही. क्लासमधून नाव काढून घेतो."

मी प्रोग्रॅम पाहिला. रुबीत पडद्यावर ओळ छापण्यासाठी 'पुट्स' नावाची तयार मेथड असते. मुलीने आपल्या 'गुणपत्रिका' या क्लासमध्ये स्वतःची मेथड लिहिली आणि तिलाही 'पुट्स' हेच नाव दिले. आपली मेथड आधी हजेरी क्रमांक जोडील, मग जुन्या 'पुट्स'कडून ओळ छापून घेईल, असा तिचा बेत. परंतु रुबी नाव शोधताना प्रथम त्या वस्तूच्या स्वतःच्या क्लासमध्ये पाहते. तेथे नवी 'पुट्स' सापडली. म्हणजे मेथडने स्वतःलाच हाक मारली! त्या हाकेतून आणखी एक हाक, तिच्यातून आणखी एक. प्रत्येक अपुऱ्या कामाची नोंद स्मृतीत राहते. अशा हजारो नोंदी साचल्या की राखून ठेवलेली जागा संपते आणि रुबी थांबते. तयार नाव आपण पुन्हा वापरले म्हणून ती आधी हरकत घेत नाही, हे विशेष.

उपाय सोपा आहे. मेथडला 'ओळ_छापा' असे वेगळे नाव द्यावे. तेच नाव हवे असेल, तर आत 'सुपर' लिहावे. मग वरच्या पिढीतील त्याच नावाची मेथड चालते.

दुसरी चूकही याच जातीची. 'गुण' भरून घेणाऱ्या मेथडच्या आत 'सेल्फ' लावून पुन्हा 'गुण'च भरावयास सांगितले, की तीच मेथड पुन्हा सुरू होते. तेथे 'अॅट' चिन्हाने सुरू होणाऱ्या चलात किंमत ठेवावी. चिन्ह एवढेसे, पण त्यावाचून फेरा सुटत नाही.

विद्यार्थ्यांनो, यंत्राला आपला हेतू कळत नाही, लिहिलेले नाव तेवढे कळते. म्हणून चूक दिसली की घाबरू नका, "मी नक्की कोणाला हाक मारली?" असे स्वतःस विचारा.

पालकांनो, त्या मुलीची चूक बुद्धीची नव्हती, एका शब्दाची होती. शब्द बदलला आणि पाच मिनिटांत गुणपत्रिका छापून आली. मी तिच्या वडिलांना म्हणालो, "भाईसाहेब, क्लासमधून नाव काढून घेऊ नका. मेथडचं नाव बदललं, काम झालं. मुलगी तुमचं नाव काढील."

ते हसले. मुलगी आजही शिकते आहे.