दंड लावला, पण विचारलं नाही

आज आमचा बचत गट तुमच्याशी बोलणार आहे, आणि बोलायचंय ते आमच्याच एका चुकीबद्दल.

आमच्या गटात एक आक्का आहेत. त्यांना विचारूनच सांगतोय, फक्त नाव घेऊ नका म्हणाल्या. वय 47. गटाची वही पहिल्यापासून त्यांच्याकडे, हिशेब चोख. 2022 च्या पावसाळ्यात त्यांची दुभती गाय लम्पीनं गेली. पुढच्या फेब्रुवारीत कांदा काढला, तर भाव असा पडलेला की काढणीची मजुरीही सुटेना. मग पोराचं पुण्यातलं कंत्राटी काम सुटलं, तो घरी येऊन बसला. उन्हाळ्यात सासूबाईंना लकवा मारला, त्यांचं सगळं अंथरुणातच. एकच संकट असतं तर आक्कांनी निभावलं असतं. पण एकातून डोकं वर काढावं तोवर दुसरं दारात.

मग आक्का बैठकीला यायच्या बंद झाल्या. पहिल्या महिन्यात सासूबाईंचं कारण, दुसऱ्यात डोकेदुखीचं, तिसऱ्यात तर निरोपच नाही. आम्ही काय केलं? नियमाप्रमाणे दर वेळी गैरहजेरीचा 10 रुपये दंड लिहिला. "आक्कांना आता गटाची गरज राहिली नाही वाटतं," असंही आमच्यातलंच कुणीतरी बोललं. पण त्यांच्या घरी कुणी गेलं नाही. त्यांचं घर आमच्यापासून चार घरं सोडून आहे.

गिरणीवर जाताना एकजण सहज डोकावली, तेव्हा दुपारचे बारा वाजलेले. चूल थंड, केस विस्कटलेले, आक्का भिंतीला टेकून बसलेल्या. "काय होतंय?" तर म्हणाल्या, "काही नाही. अंगात जीवच नाही."

आता बघा, आपण बायका "मन उदास आहे" असं म्हणतच नाही. कंबर भरून येते, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही, असं म्हणतो. मग कुणी दुखण्याची गोळी देतं, कुणी टॉनिक आणतं. मालकांना वाटतं कामाचा कंटाळा आलाय. शेजारीण म्हणते दृष्ट काढा. दृष्ट खुशाल काढा, पण दवाखाना चुकवू नका.

आशाताईंनी आम्हाला ओळखायचं कसं ते सांगितलं. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, मन खाली राहतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी नकोशा झाल्यात का? त्याच्या जोडीला पहाटे तीनलाच जाग येणं, साधी भाजी कोणती करू हेही न ठरणं, "मीच करंटी" असं सारखं वाटणं. आक्कांना हे सगळंच होतं. आणि त्यांची पाळीही मागंपुढं होत होती. पंचेचाळिशीच्या पुढं अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामानं झोप मोडते, आणि या बदलानंही मन खचतं. गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर हे एकदम अंगावर येतं. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं, तरी बाई अशीच गळून जाते. म्हणून रक्त तपासून घ्यायचंच.

आधी आम्ही उपदेश केला. विसरून जा, मन रमव, अमकीचं बघ तुझ्यापेक्षा किती वाईट. आक्का आणखीच गप्प झाल्या. मग आम्ही बोलणं कमी केलं. पाळीपाळीनं एकजण तासभर सासूबाईंपाशी बसायची. दुसरी आक्कांना घेऊन बांधापर्यंत चालून यायची. "मन लागलं की येईन," त्या म्हणायच्या. पण अशा वेळी मन आधी लागतच नाही, आधी पायांना न्यावं लागतं. कधी नुसते केस धुवायचे, कधी वहीचं एक पान लिहायचं. जमलं तेवढं पुरे. गेलेल्या गाईचं काही करता येणार नव्हतं, पण गटाच्या कर्जाचा हप्ता आम्ही पुढं ढकलू शकत होतो. तो ढकलला.

एका संध्याकाळी आशाताईंनी सरळ विचारलं, "आक्का, जगू नये असं वाटतं का?" आम्ही श्वास रोखला. असं विचारलं तर नसतं ते डोक्यात शिरेल, अशी आमची समजूत. तसं होत नाही. उलट आक्का पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. गोठ्यातल्या फवारणीच्या औषधाकडं सारखं लक्ष जातं, म्हणाल्या. त्याच संध्याकाळी तो डबा आम्ही दुसऱ्या घरी कुलपात ठेवला. रात्री त्यांना एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी त्यांच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात गेलो. तिथं मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशीच आक्का म्हणाल्या, "काय उपयोग नाही, बंद करते." आम्ही करू दिल्या नाहीत. बरं वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवायच्या नसतात.

जिल्ह्याला जाणं जमत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा नंबर लिहून घ्या. फोन फुकट, रात्री-अपरात्री कधीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. मैत्रिणीसाठीही तुम्ही लावू शकता. आमच्या बैठकीच्या वहीत पहिल्याच पानावर तो लिहून ठेवलाय. आणि दोनदा कुणी आलं नाही, तर दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जायचं, असंही ठरवलंय.

आक्कांकडं गाय अजून नाही. सासूबाई अंथरुणातच आहेत, पोरगं तालुक्याला मिळेल ते काम करतंय. गोळ्या चालू आहेत. पण वही परत त्यांच्या हातात आहे. ते दंडाचे 30 रुपये आम्ही खोडायला निघालो, तर त्यांनी हात धरला. नियम म्हणजे नियम म्हणाल्या, आणि पैसे मोजून दिले.