अंगणांतली आजारी लिंबोणी



घरांत मूल आजारी पडलें म्हणजे आपण वैद्याला विचारल्यावांचून औषध देत नाहीं. अंगणांतलें झाड आजारी पडलें म्हणजे मात्र प्रत्येक जण वैद्य होतो, आणि त्याचें औषध एकच असतें. तें म्हणजे पाणी. या औषधानें मीं एक झाड जवळजवळ मारलेंच होतें.

नांदेड जिल्ह्यांतील नायगांव येथें आमच्या अंगणांत कांहीं वर्षांपूर्वीं आईनें मृगाच्या पावसावर कागदी लिंबाचें रोप लावलें, आणि महिन्याभरांतच ती गेली. श्रावणांत त्या रोपाचीं पानें पिंवळीं पडून लोंबूं लागलीं. २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तो काळ आम्ही जवळून पाहिला आहे. सुकलेलें पान दिसलें कीं मराठवाड्यांतील माणसाला तहानच आठवते. मी सकाळ-संध्याकाळ घागर ओतूं लागलों. वर मूठभर युरियाहि टाकला. आठ दिवसांत निम्मीं पानें गळलीं.

तेव्हां शेजारचे एक वृद्ध शेतकरी आले. त्यांनीं खुरप्यानें वीतभर खोल माती उकरली, मुठींत दाबली व माझ्या हातावर ठेवली. तिचा चिकट गोळा झाला होता आणि तिला कुबट वास येत होता. ते म्हणाले, "मास्तर, ह्ये तहानलेलं न्हाई, बुडालंय."

आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते. मुळांना मात्र पाण्याइतकीच हवाहि लागते. मातींतील पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे मुळें गुदमरून कुजतात. कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं, आणि पाण्यांत उभें असलेलें झाडहि तहानल्यासारखें दिसतें. अशा वेळीं खत घालणें म्हणजे लंघन करावयाच्या रोग्याला पक्वान्न वाढणें होय.

म्हणून आधीं परीक्षा करावी. दुपारीं मान टाकणारें रोप संध्याकाळीं सांवरत असेल, तर तो केवळ उन्हाचा ताप समजावा. सकाळींहि तें मलूलच असेल, तर वीतभर खोलीवरील माती पाहावी. कोरडी व भुसभुशीत असेल तर पाणी द्यावें. चिकट असेल तर हात आवरावा. कोंवळीं पानें पिंवळीं व शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनींत झाडाला लोह मिळत नाहीं असें समजावें.

आम्ही पाणी बंद केलें, सांचलेल्या पाण्याला चर काढून वाट दिली आणि खोडाभोंवतीं मातीची भर घालून तिच्या बाहेरून आळें केलें. त्यामुळें पाणी खोडाला लागेना. नवी पालवी येईपर्यंत खत दिलें नाहीं. पुढें उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांवर गेला आणि जमिनीला भेगा पडूं लागल्या. भेगांनीं बारीक मुळें तुटतात; म्हणून त्या मातीनें बुजवून आळ्यांत तुरीचें भुसकट तीन-चार बोटें जाड पसरलें, परंतु खोडाला चिकटूं दिलें नाहीं. पश्चिमेला तुराट्यांचा ताटवा उभा केला.

एक फांदी मात्र गेली ती गेलीच. दुसरीवर कार्तिकांत पहिली पालवी फुटली होती. पुढें तिलाच फळ धरलें. आईच्या वर्षश्राद्धाला घरचें लिंबू नव्हतें. तिसऱ्या वर्षीं पानावर वाढलें.

आपल्या अंगणांतलें एखादें रोप आज मलूल दिसत असेल, तर घागर उचलण्यापूर्वीं खुरपें उचला, एवढीच माझी विनंती आहे.