शालेय स्पर्धा आणि बाद फेरीचा न्याय

(व्याख्यानाचे शब्दांकन)



कोणत्याही नामवंत शाळेच्या प्रवेशद्वारातून आत गेले की मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर काचेचे एक कपाट दिसते. त्यात करंडक असतात, ढाली असतात, संघांची छायाचित्रे असतात. कोणत्या वर्षी कोणती स्पर्धा जिंकली, हे त्या कपाटावरून कळते. परंतु त्या वर्षी शाळेतील किती मुले खेळली आणि पहिल्याच फेरीत हरलेल्या शाळांच्या वाट्याला किती सामने आले, हे कळत नाही. शालेय स्पर्धांतील चुरस हा आजचा विषय असला, तरी पुढील फेरीत कोणी जायचे हे ठरविणारा नियम हाच त्याचा खरा गाभा होय. मोठी माणसे कागदावर नियम लिहितात आणि त्याप्रमाणे मुले मैदानावर वागतात.

या संदर्भात मुंबईच्या शालेय क्रिकेटइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची हॅरिस शिल्ड ही सोळा वर्षांखालील मुलांची, तर जाइल्स शिल्ड ही चौदा वर्षांखालील मुलांची स्पर्धा. दोन्ही स्पर्धांना शतकाहून मोठी परंपरा आहे. त्यांत चमकणाऱ्या बहुतेक शाळा खासगी संस्थांच्या व विश्वस्त मंडळांच्या आहेत. आझाद मैदानावर एकाला लागून एक अशा खेळपट्ट्या असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचापाशी उभा असतो, आणि कोणता चेंडू कोणाचा हे मुलांनाच ठाऊक असते.

या स्पर्धांचा परंपरागत साचा बाद फेरीचा आहे. हरला तो घरी गेला. अनेक दिवसांच्या सामन्यात दोन्ही डाव पुरे झाले नाहीत, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. आता कर्णधाराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. संघाच्या चारशे धावा झाल्या आहेत. डाव घोषित करावा, तर प्रतिस्पर्धी चारशे एक करील ही भीती. खेळत राहावे, तर गमावण्यासारखे काहीच नाही, कारण आघाडी हाती असली की अनिर्णित सामनाही विजयासमान असतो. पाचशे धावा अधिक सुरक्षित, सातशे त्याहून सुरक्षित. मुंबईच्या फलंदाजाच्या ज्या चिवटपणाचे गोडवे गायले जातात, त्याचे एक मूळ या हिशेबात आहे. शालेय क्रिकेटमधील अवाढव्य धावसंख्यांचे मूळही तेच.

फेब्रुवारी १९८८ मधील तो सुप्रसिद्ध सामना याच साच्यातून घडला. हॅरिस शिल्डच्या उपांत्य फेरीत आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स या शाळा समोरासमोर होत्या. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, दोघांची अभेद्य भागीदारी ६६४ धावांची आणि शारदाश्रमची धावसंख्या २ बाद ७४८. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांची इच्छा डाव लवकर घोषित करण्याची होती. निरोप आले, हाका मारल्या गेल्या. दोघांनी मैदानाच्या कडेला पाहायचेच नाही असे ठरविले. अखेर दूरध्वनीवर सरांशी बोलणे झाले. कांबळी साडेतीनशेपासून अवघ्या एका धावेवर होता. त्याने तेवढ्या एका धावेची परवानगी मागितली आणि सरांनी ती दिली नाही. नंतर त्याच कांबळीने ३७ धावांत ६ बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव १४५ धावांत संपला. सरांचा अंदाज अचूक होता, असेच म्हणावे लागते.

या सामन्याची कथा सांगताना दोन मुलांचा उल्लेख सहसा राहून जातो. झेवियर्सकडून साईराज बहुतुले गोलंदाजी करीत होता. तोही पुढे भारताकडून कसोटी क्रिकेट खेळला. म्हणजे हरणारा संघ दुबळा नव्हता. दुसरा मुलगा शारदाश्रमचाच अमोल मुझुमदार. पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याने ११,००० हून अधिक धावा केल्या, तरी भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून तोच संघाबरोबर होता. एखाद्या मुलाची पाळी चौदाव्या वर्षी आली नाही, एवढ्यावरून त्याच्याविषयी निष्कर्ष काढण्याची घाई शाळांनी करू नये, यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आता प्रश्न शाळांमधील ताकदीच्या अंतराचा. सचिन वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रममध्ये आला तो आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून, कारण तेथे क्रिकेटचे वातावरण होते. यात वावगे काही नाही. ज्या शाळेत संगीत शिकवितात तेथे गाणारा मुलगा जातो, तसाच हाही प्रकार. परंतु पुढील काळात हे स्थलांतर अधिक नियोजनबद्ध झाले. वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड या एकाच शाळेचे दाखले पाहावेत. २००९ साली सर्फराज खानच्या हॅरिस शिल्डमध्ये ४३९ धावा, पुढच्याच वर्षी अरमान जाफरच्या जाइल्स शिल्डमध्ये ४९८, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉच्या हॅरिस शिल्डमध्ये ५४६. पृथ्वीचे घर विरारला आणि शाळा वांद्र्याला. लोकलच्या गर्दीतून रोज एवढे अंतर कापणाऱ्या मुलाच्या व त्याच्या वडिलांच्या कष्टांना कोण नावे ठेवील? सर्फराज आणि पृथ्वी दोघेही पुढे भारताकडून कसोटी खेळले. ज्या शाळेने त्यांना मैदान, प्रशिक्षक आणि सरावाला वेळ दिला, तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

अडचण निर्माण होते ती निवडून जमविलेल्या अशा संघासमोर एखादी साधी शाळा उभी राहते तेव्हा. तिच्याकडे एकच शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, तेच कवायत घेणार, तेच भूगोलाचा तासही घेणार. सराव शाळेच्या सिमेंटच्या अंगणात, तोही बहुधा टेनिसच्या चेंडूवर. बाद फेरीची सोडत या दोन शाळांना एकाच कंसात बसविते.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे भंडारी करंडकाच्या सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडमधील क्लिफ्टन महाविद्यालयात ए. ई. जे. कॉलिन्स या विद्यार्थ्याने केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम ११६ वर्षांहून अधिक काळ टिकला होता, तो मोडला. शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. हरलेल्या संघात वयाने बरीच लहान मुले उतरविण्यात आली होती, हे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. प्रणवचे कौतुक देशभर झाले आणि ते योग्यच होते. रिक्षा चालविणाऱ्या पित्याच्या या मुलाला मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. परंतु पुढे त्याच्याकडून रोजच चमत्काराची अपेक्षा होऊ लागली. खेळ उतरणीला लागला आणि २०१७ साली शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती खुद्द त्याच्या घरूनच करण्यात आली. पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हजार धावांचे ओझे ठेवणारा तो सामना दोन्ही संघांना जड गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हॅरिस शिल्डच्या पहिल्याच फेरीत बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल शाळेने ४ बाद ७६१ धावा केल्या. त्यातील १५६ धावा प्रतिस्पर्ध्यांनी ठरलेल्या वेळेत षटके पूर्ण न केल्याबद्दल दंड म्हणून मिळालेल्या होत्या. उत्तरादाखल प्रतिस्पर्धी संघ अवघ्या ७ धावांत बाद झाला. या सातही धावा अवांतर. एकाही फलंदाजाच्या बॅटमधून एकही धाव निघाली नाही. त्या शाळेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. त्या मुलांनी सामना सोडला नाही, मैदानावर उतरली आणि खेळली, एवढे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. गोलंदाजी सावकाश पडल्याचा दंड जो नियम लावतो, त्याला समोरची मुले दर चेंडूला सीमारेषेवरून चेंडू आणण्यासाठी धावत होती हे दिसत नाही!

समुद्रापलीकडेही हा प्रश्न भेडसावतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात खासगी शाळांची स्वतंत्र क्रीडासंघटना आहे. तेथे पटसंख्येनुसार गट पाडतात, जिल्हा पातळीवर साखळी सामने होतात आणि वरच्या क्रमांकाचे संघ प्लेऑफला, म्हणजे अंतिम बाद फेऱ्यांना पात्र ठरतात. १३ जानेवारी २००९ रोजी डॅलस शहरात मुलींच्या बास्केटबॉल सामन्यात कव्हेनन्ट स्कूलने डॅलस अकॅडमीचा १००-० असा पराभव केला. मध्यंतरालाच गुणफलक ५९-० होता. डॅलस अकॅडमी ही अध्ययनात अडचणी असलेल्या मुलांसाठीची शाळा. माध्यमिक वर्गांत मुली सुमारे वीस, त्यांतल्या आठ संघात. कागदावरील पटसंख्येने दोघींना एका गटात बसविले होते, पण पटसंख्या म्हणजे ताकद नव्हे. पुढे जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. जिंकलेल्या शाळेच्या चालकांनी जाहीर क्षमा मागितली, असा विजय शाळेला भूषणावह नाही असे सांगितले आणि तो विजय सोडून देण्याची तयारी संघटनेला कळविली. प्रशिक्षकाने मात्र क्षमा मागण्यास नकार दिला. मुली प्रामाणिकपणे खेळल्या, त्यांना लाज वाटण्याचे कारण नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याला पदावरून दूर करण्यात आले. मुलींपुरते त्याचे म्हणणे खरे होते; दोष मुलींचा नव्हताच. मध्यंतरानंतर खेळाची गती कमी करण्याचा निर्णय मोठ्यांनी घ्यावयाचा होता.

त्याच देशातील इतर राज्यांनी नियमातून मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. इलिनॉय राज्यात खासगी शाळांना ठरावीक हद्दीचे बंधन नसल्याने त्या दूरवरून खेळाडू घेऊ शकतात, हे जाणून २००५ पासून अशा शाळांच्या पटसंख्येला १.६५ ने गुणण्याचा नियम आला. सहाशे विद्यार्थ्यांची खासगी शाळा गटवारीसाठी नऊशे नव्वदांची समजावयाची. इंडियाना राज्याने २०१२ साली निराळी वाट धरली. शाळा खासगी की सरकारी हे न पाहता, दोन वर्षे सातत्याने पुढच्या फेऱ्या गाठणाऱ्या संघाला वरच्या गटात चढविण्याचे ठरविले. दुसरा उपाय अधिक न्याय्य वाटतो. पहिला संस्थेच्या प्रकारावरून अनुमान बांधतो, तर दुसरा संघ मैदानावर काय करतो तेवढेच पाहतो.

आणि हा विचार परका मानण्याचेही कारण नाही. मुंबईत १९४८ पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये क्लबांच्या श्रेणी आहेत. चांगले खेळणारा क्लब वरच्या श्रेणीत चढतो, ढेपाळणारा खाली उतरतो. चाळिशीतल्या हौशी खेळाडूला आपल्या ताकदीचा प्रतिस्पर्धी मिळावा एवढी काळजी जे शहर घेते, त्या शहराने बारा वर्षांच्या मुलासाठी ती अधिकच घेतली पाहिजे. आरंभी चार-चार शाळांचे छोटे साखळी गट असावेत. म्हणजे अगदी दुबळ्या शाळेलाही तीन सामने निश्चित मिळतील. गटातील पहिले दोन मुख्य ढालीसाठी आणि उरलेले दोन दुय्यम ढालीसाठी पुढे जावेत. चुरस यामुळे कमी होत नाही; उलट तिसऱ्या क्रमांकाच्या शाळेलाही शेवटच्या सामन्यापर्यंत काही कमावण्यासारखे उरते. खर्च वाढेल हा आक्षेप खरा आहे. मैदाने थोडी आणि परीक्षा पुष्कळ, हेही खरेच. म्हणून पहिल्या फेऱ्या मर्यादित षटकांच्या ठेवाव्यात आणि दोन दिवसांचे सामने पुढच्या टप्प्यासाठी राखावेत.

या सभागृहात विविध शाळांच्या संचालक मंडळांवर काम करणारी मंडळी उपस्थित आहेत. स्पर्धेचे नियम बदलणे एका संस्थेच्या हाती नाही, परंतु काही गोष्टी निश्चित आहेत. सोळा वर्षांखालील संघ उभा राहत नसेल, तर केवळ प्रवेशिका भरली म्हणून अकरा वर्षांची मुले लेदरच्या चेंडूपुढे उभी करू नयेत. सामन्यापूर्वी निदान दोन महिने नियमित सराव आणि हेल्मेट, पॅड, ग्लोव्ह्ज यांची व्यवस्था असल्याविना नाव नोंदवू नये. आणि संघ बलाढ्य असेल, तर डाव केव्हा घोषित करावयाचा याविषयी प्रशिक्षकाशी हंगामाच्या आरंभीच बोलून ठेवावे. बहुतेक संस्थांच्या वार्षिक अहवालात क्रीडाविभागाचे एक पान असते, आणि त्यावर मिळविलेल्या ढालींची यादी असते. त्या यादीखाली एक रकाना वाढवावा : वर्षभरात शाळेची किती मुले प्रत्यक्ष मैदानात उतरली आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी किती सामने आले. ही माहिती गोळा करण्यास शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना एक दिवस पुरेल.