सोपाऱ्याला राहून मी काय पाहिले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. शाळा नववीपर्यंत. पुढे जे वाचले ते लोकलच्या डब्यात. समितीने सांगितले, "तुम्ही तिकडे समुद्राकाठी राहता, तिकडचे काही सांगा." म्हणून उभा आहे.

१९९४ साली मलकापूरला गाडीत बसलो अन् मुंबई गाठली. गिरणीत बदली म्हणून लागलो. मुंबईत भाडे परवडेना म्हणून नालासोपाऱ्याला खोली घेतली. वसईच्या पुढचे आणि विरारच्या अलीकडचे हे स्टेशन. तिथे हजारो माणसे आपल्यासारखीच, पोटामागे आलेली. पहिली पाळी असली की पहाटेची गाडी, दुसरी असली की रात्रीची शेवटची. गर्दी अशी, की बसायला जागा मिळावी म्हणून लोक आधी उलटे विरारला जातात आणि तिथून त्याच गाडीने परत येतात. घर म्हणजे फक्त झोपायची जागा. समुद्र जवळ होता, पण सात वर्षे मी तो पाहिला नाही.

२००१ साली माझी आई आली. म्हणाली, "बाबू, एवढा समुद्र हाय म्हनते तुह्या गावाले, दाखव ना मले." रविवार होता. कळंबच्या किनाऱ्याला जायला रिक्षा केली. रिक्षा सोपारा गावावरून निघाली. वाटेत झाडीत एक मोठा उंचवटा दिसला आणि बाजूला सरकारी फलक. आईने रिक्षा थांबवली. तिला अक्षर येत नव्हते. विचारले, "काय लिवलं हाय रे इथं?" मी वाचले आणि गप्प झालो. तो बुद्धाचा स्तूप होता. आई म्हणाली, "सात वर्सं झाले तू इथं राह्यते, अन् तुले हे ठाऊक नाही?"

बंधूंनो, ते वाक्य मला लागले. त्या दिवसापासून मी शोधून वाचू लागलो.

सोपारा हे पूर्वीचे शूर्पारक, पालीत सुप्पारक. मोठे बंदर होते. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदर गेले. या स्तूपाला तिथे बुरुड राजाचा कोट म्हणतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी करंडक निघाला. त्यात आठ बुद्धमूर्ती होत्या आणि एकात एक ठेवलेल्या डब्यांत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली शेजारच्या भुईगावात सापडला. १९५६ म्हणजे आपल्या धम्मदीक्षेचे साल!

आठव्या लेखात काय आहे? अशोक सांगतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजा. मी राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि धम्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेत काय करायचे? श्रमणांना व वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, खेड्यातल्या लोकांत जायचे, धम्म सांगायचा आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे करायची.

मी हा दगड पाहायला मुंबईच्या संग्रहालयात गेलो, तेव्हा मनात आले की मीही रोज यात्रा करतो, पण ही कसली यात्रा? पोटासाठी जाणे भागच आहे, त्यात लाज नाही. पण सात वर्षांत मी कोणाला काही विचारले नाही. विचारले ते माझ्या अडाणी आईने, तेही एकदाच आली असताना.

याच सुप्पारकचा बाहिय नावाचा एक साधक होता. उदान ग्रंथात त्याची कथा आहे. तो समुद्रकाठाहून थेट श्रावस्तीला गेला. भगवंत भिक्षेला निघाले होते. त्यांनी दोनदा सांगितले, ही वेळ नव्हे. त्याने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्याला उपदेश मिळाला. विचारणाऱ्यालाच मिळते.

आज आई नाही. गिरणीही बंद पडली. पण सुट्टीच्या दिवशी मी शेजारच्या पोरांना स्तूपावर नेतो आणि फलक त्यांच्याकडूनच वाचून घेतो.

तुमच्याजवळ माझे एकच मागणे आहे. हा विहार तुम्ही मजुरीतून पैसा काढून बांधला. तो फक्त जयंतीला आणि पौर्णिमेला उघडू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ पोरांच्या प्रश्नांसाठी ठेवा. उत्तर आले नाही तर म्हणा, "बेटा, पुढच्या आठवड्यात वाचून सांगतो." त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांची पोरे मुंबईकडे आहेत त्यांनी एकदा त्यांच्याकडे जा, त्यांच्या गावात काय आहे ते विचारा. त्यांना माहीत नसेल, तर त्यांचा हात धरून तिथे घेऊन जा.