हिवाळ्याची रात्र कोणाची?



व्याख्यानमाला वसंताची आणि आमचा विषय हिवाळ्याचा, हे पाहून काही मंडळींना हसू आले असेल. पण त्याला कारण आहे. हिवाळ्यात आपण सारे नाटक, गाणे, जत्रा यांत दंग असतो. हिशेब मांडायचा तो हंगाम संपल्यावर. शेतकरी मळणी उरकल्यावर खळ्यात बसून पायल्या मोजतो, तसे आज आपण मागच्या हिवाळ्याच्या पायल्या मोजू. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि फाटकाबाहेर जास्त झाले. संगीतातले आम्हांस काही कळत नाही. पण हिशेब कळतो, आणि आजचे व्याख्यान हिशेबाचेच आहे.

कर्जत-खालापूरचा हा मुलूख पावसाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माणूस चिखलात असतो, भात कापेपर्यंत कार्तिक उजाडतो. मग पायवाटा सुकतात, ओढे पायी ओलांडता येतात, घरात नवे धान्य येते. माणसाला माणसाकडे जाता येते ते याच दिवसांत. म्हणून आपल्याकडे कला आणि मेळे यांचा हंगाम हिवाळ्यात पडला. पंचांगाने तो ठरवला असे आपण म्हणतो, पण आधी तो पावसाने आणि भाताने ठरवला.

या हंगामाचे दार उघडते साजगावच्या जत्रेने. खोपोलीजवळ ताकई-साजगावला विठोबाचे देऊळ आहे. कार्तिकी एकादशीपासून पंधरवडाभर तेथे जत्रा भरते. तुकोबाराय देशावरून मिरचीचा व्यापार करीत या बाजूस उतरत, अशी आख्यायिका सांगतात. जत्रेत घोंगड्या विकल्या जातात, बैलांचा बाजार भरतो आणि सुक्या मासळीचे ढीग लागतात. म्हणून लोकांनी देवालाच नाव ठेवले ‘बोंबल्या विठोबा’. पंढरीच्या विठोबासमोर जो जिन्नस चालायचा नाही, त्याच जिनसाने हा देव ओळखला जातो. आम्हांस या देवाचे फार कौतुक वाटते. आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी, मराठा, सगळ्यांच्या ताटातला पदार्थ त्याने आपल्या दारात बसवून घेतला. पोट आणि भक्ती यांची अशी फारकत न करणारा मेळा दुसरा कोठे असेल तर आम्हांस दाखवावा.

जत्रेनंतर चंपाषष्ठी, दत्तजयंती, हरिनाम सप्ताह. त्याच सुमारास शहरांत नाटकांचे पडदे वर जातात. घाटापलीकडे पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी संगीताचा उत्सव चालू केला. तो डिसेंबरात होतो आणि घाट चढून जाणारे रसिक आपल्या गावातही आहेत. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली. कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा १९५३ साली झाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळाच्या नाट्यस्पर्धांत गिरणीत साचा चालवणारा माणूस तोंडाला रंग लावून उभा राहिला. त्याआधी १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले होते. कामगाराला गाणे कळत नाही, असे म्हणणाऱ्यांना त्या तिघांनी कायमचे गप्प केले.

आता हिशेबाकडे येतो. कला ऐकायला कान लागतात, हे सगळेच सांगतात. आम्ही म्हणतो, कानाच्या आधी सुटी लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली. ती १८९० साली मिळाली. त्याआधी गिरणीतल्या माणसाला रविवार नव्हता. रविवार नाही म्हणजे भजन नाही, तमाशा नाही, मुलाला खांद्यावर घेऊन जत्रेला जाणे नाही. आज रविवारी संध्याकाळी आपण सतरंजीवर आरामात बसतो, ती सतरंजी कोणी तरी भांडून अंथरलेली आहे.

आमच्याच आयुष्यातली गोष्ट सांगतो. या भागातल्या एका कारखान्यात आम्ही साजगावच्या जत्रेसाठी एक दिवसाची भरपगारी सुटी मागितली. साहेब म्हणाले, “जत्रा हा काय कामगारांचा प्रश्न झाला? पगाराचे बोला.” त्या एकादशीला निम्मी पाळी आलीच नाही. दोघांना निलंबित केले. त्यांना कामावर परत घेववायला आम्हांस पुढचा फाल्गुन उजाडला. पण त्यानंतरच्या करारात ती सुटी लेखी आली. पगारवाढीचे आकडे आज कोणाला आठवत नाहीत. जत्रेची सुटी मात्र निवृत्त झालेली माणसेही आठवून सांगतात.

परंतु मंडळी, ही सुटी मिळाली ती हजेरीपटावर नाव असलेल्याला. ज्याचे नाव कोणत्याच पटावर नाही, त्याचे काय? याच तालुक्यांतला कातकरी दिवाळी झाली की उचल फेडायला बायकोमुलांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो. तो पाऊस तोंडावर आला की परततो. आठवड्याला बाजारापुरती खर्ची हातावर पडते, बाकीचा हिशेब शेवटी. वेठबिगारीच्या विरुद्ध कायदा १९७६ साली झाला, पण उचलीची गाठ अजून पुरती सुटलेली नाही. आता पाहा, आपला कलेचा हंगाम कार्तिक ते फाल्गुन, आणि त्याचा भट्टीचा हंगामही तोच. ज्या कोरड्या रात्रींनी आपल्याला नाटक दिले, त्याच कोरड्या रात्रींनी त्याला विटा थापायला नेले. तो आपल्या मंडपात दिसत नाही, तेव्हा ‘या लोकांना आवड नाही’ असे आपण सहज बोलून जातो. आवड आहे, बंधूंनो. रात्र त्याच्या मालकीची नाही.

या डोंगरांनी शहरांना किती दिले, हेही मोजले पाहिजे. घाटमाथ्याचे पाणी खाली सोडून खोपोलीला टाटांचे वीज केंद्र १९१५ साली सुरू झाले. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तारा मात्र वाड्यांच्या डोक्यावरून गेल्या, आणि खालच्या झोपड्यांत कित्येक वर्षे चिमणीच जळत राहिली. १९४२ च्या लढ्यात या तारांचे मनोरे पाडून गिरण्या थांबवाव्यात, हा विचार ज्याने अमलात आणला तो माणूस याच मातीतला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल. माथेरानच्या गरीब नाभिक घरात १९१२ साली जन्मले, वकील झाले आणि रानात गेले. त्यांच्या आझाद दस्त्याला रानावनातल्या माणसांनीच सांभाळले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला.

दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या थंडीत लोक सिद्धगडच्या पायथ्याशी जमतात. आम्ही अनेकदा गेलो आहोत. तेथे तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. शेकोटीभोवती म्हातारा शेतकरी, शाळेची पोरे आणि कामगार एकत्र बसतात. कोणी पोवाडा म्हणतो, कोणी जुनी आठवण सांगतो. आम्हांस तो आपल्या मुलखातला हिवाळ्याचा सर्वांत मोठा मेळा वाटतो.

आता आमच्या चुकीचा हिशेब. दुसऱ्याच्या वह्या तपासणाऱ्याने आपली वहीही उघडी ठेवावी.

पंधराएक वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमच्या संघटनेचा मेळावा होता. मुंबईहून ऑर्केस्ट्रा आणला होता. त्याचे पैसे आगाऊ मोजले होते. जवळच्या एका ठाकुरवाडीवरची मंडळीही नाचासाठी बोलावली होती. त्यांना भाडे आणि जेवण एवढेच कबूल केले होते. कोणी अधिक मागितले नाही आणि आम्ही दिलेही नाही. ऑर्केस्ट्रा रंगला. ‘जैत रे जैत’ची गाणी झाली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा १९७७ चा चित्रपट कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांचा आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. लोकांनी ती गाणी पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, शिट्ट्या वाजल्या. आणि त्या वेळी खरे ठाकर मंचाच्या मागे थंडीत ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते. एक वाजला, पोलिसांची वेळ संपली. त्यांना सांगायला आम्हीच गेलो.

त्यांच्यातले वडीलधारे बाबा रागावले नाहीत. मंचाकडे बोट दाखवून म्हणाले, “बरं झालं, दादा. आमचा नाच तुमच्या त्या फळ्यांवर मावलाही नसता. आम्ही फेर धरतो. फेराला पुढा नसतो.”

ती मंडळी पायी वाडीकडे निघून गेली. त्यांचे शब्द आमच्या मनातून आजपर्यंत गेलेले नाहीत. मंचाला पुढची बाजू असते. पुढे बसणारा, मागे बसणारा, आणि मंचाच्या मागे थांबवून ठेवलेला अशी माणसे तेथे वाटली जातात. फेरात पोरगा ढोलकीवाल्याजवळ शिरतो, म्हातारी दोन पावले टाकून बाजूला होते, पाहणारा हळूच नाचणारा होतो. आम्ही आयुष्यभर समतेवर भाषणे केली आणि बांधले मात्र मंच.

ल. ना. चापेकरांनी १९६० साली सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. तो अभ्यासकांनी जरूर वाचावा. पण फेर ग्रंथात राहत नाही. तो माणसांच्या पायांत राहतो, आणि माणसे गेली की जातो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर दरड कोसळली आणि इर्शाळवाडी गाडली गेली. ती वाडी ठाकरांची होती. २७ जणांचे देह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांना आधी चौकजवळ डब्यांच्या तात्पुरत्या घरांत आणि मग नव्या घरांत नेले. घरे हवीतच, त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण त्या रात्री किती गाणी मातीखाली गेली, याचा पंचनामा कोणत्या तलाठ्याने करावा? धोक्याच्या उतारावरच्या वाड्या उद्या खाली आणाव्याच लागतील. तेव्हा आराखड्यात खोल्या, नळ आणि रस्ता यांबरोबर फेर धरता येईल एवढे मोकळे अंगण मागा. ही चैन नव्हे. वाडी ही घरांची रांग नसून माणसांचा मेळ असतो, आणि तो मेळ अंगणात बसतो.

शेवटी आमच्या मागण्या. मागण्या केल्याशिवाय आमचे भाषण संपत नाही, हे आपण जाणताच.

पहिली अशी की, पुढच्या हिवाळ्यात या गावाच्या कार्यक्रमांपैकी एक तरी मंच न बांधता, मैदानात, सर्वांनी गोल बसून व्हावा. दुसरी अशी की, वाडीवरच्या कलावंताला मुंबईच्या कलावंतासारखेच मानधन ठरवून, आगाऊ आणि लेखी द्यावे. ‘त्यांना आवडते म्हणून ते नाचतात’ हे म्हणणे आम्ही मालकांच्या तोंडून फार ऐकले आहे. तिसरी अशी की, भट्टीवरचा माणूस मंडपात येऊ शकत नसेल, तर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आपला कार्यक्रम भट्टीवर जावा. चौथी आमच्या संघटनेकडे आहे, ती दुसऱ्यावर ढकलत नाही. भट्टीवरच्या माणसाचे नाव पटावर आणणे, त्याला आठवड्याची सुटी आणि उचलीचा उघडा हिशेब मिळवून देणे. लोखंड्यांनी गिरणीसाठी जे १८९० साली मिळवले, ते भट्टीपर्यंत अजून पोहोचायचे आहे.

गेल्या माघात आम्ही त्या ठाकुरवाडीवर गेलो होतो. ज्यांनी आम्हांस ते शब्द सांगितले ते बाबा आता नाहीत. त्यांच्या नातवाने ढोलकी काढली. आम्ही बाजूला उभे होतो. एका बाईने हात पुढे केला आणि म्हणाली, “काका, उभे काय राहिलात? या.” आम्हांस नाचता येत नाही. दोन फेऱ्यांत धाप लागली आणि पोरे हसली. पण मंचावरून हजार सभा केल्या, तेव्हा जे कळले नव्हते ते त्या दोन फेऱ्यांत कळले.